आधी झोपेची सोय, मग राइड्स: सेलूहून बेचाळीस लेकरं थीम पार्कला न्यायची तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं गाव. तुमची अभ्यासिका आणि गावातलं युवक मंडळ मिळून ४२ मुलं-मुली, वय १५ ते १९, त्यात १६ मुली. सहल डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मंडळाच्या पोरांनी बेत असा ठरवलाय: रात्री आठला ट्रॅव्हल्सची स्लीपर बस, सकाळी खोपोलीचं इमॅजिका, दिवसभर पार्क, संध्याकाळी पुन्हा बसमध्ये, तिसऱ्या दिवशी सकाळी गावात. मुक्कामाचे पैसे वाचतात. हे जमेल का आणि माणशी किती वर्गणी काढावी, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. दरवर्षी आपल्या भागातून कितीतरी गाड्या अशाच जातात. पण मी अशी सहल नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नका.

सेलूहून जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे आणि पुढे एक्सप्रेस वे धरून खोपोली साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. चहापाणी, लघवीचे थांबे आणि पुण्याची सकाळची गर्दी धरली तर बसला दहा तास लागतातच. म्हणजे पोहोचेपर्यंत लेकरांची रात्र गाडीत गेलेली. गाणी, गप्पा, मोबाइल यात बाराएकपर्यंत कुणी डोळा लावत नाही, आणि नंतर लागला तरी ती झोप झोपेसारखी नसते. त्याच अंगाने ती दुसऱ्या दिवशी उलटंपालटं करणाऱ्या राइडमध्ये बसतात. जागरण, रिकामं पोट किंवा घाईत कोंबलेला वडापाव, वर ऊन. पार्कात भोवळ येणारी आणि उलट्या करणारी मुलं पाहा, त्यातली बरीचशी रात्रभर प्रवास करून आलेली निघतील. राइडला उगीच दोष जातो.

दुसरा मुद्दा गाडीचा. पोरं दिवसभर पार्कात खेळतात तेव्हा ड्रायव्हर पार्किंगमध्ये, तापलेल्या गाडीत पडून असतो. त्याची झोप झाली की नाही हे कुणी विचारत नाही, आणि रात्री तोच माणूस पुन्हा दहा तास गाडी हाकतो. कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांचं काम आहे. तुमचा बेत त्यात बसत नाही. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, ती वेळ रात्री दीडच्या सुमाराची. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ १२ भाविक गेले, तेही मध्यरात्रीनंतर. दोन्ही जागा आपल्या ओळखीच्या, तुमच्याकडची निम्मी गावं त्या रस्त्याने जातात. ४२ आईबापांची लेकरं घेऊन मी त्या वेळी रस्त्यावर राहत नाही.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि बाकी सगळं त्यातून निघतं: पार्कचा दिवस दोन अशा रात्रींच्या मध्ये पडला पाहिजे, जेव्हा लेकरं आडवी होऊन नीट झोपली आहेत. आदली रात्र मुक्कामाची आणि त्या दिवसाची रात्रही मुक्कामाची. हे बसवता येत नसेल तर जवळचं ठिकाण धरा किंवा एक वर्ष थांबा.

आता ठिकाणाचं. मराठवाड्याच्या दारात मोठं थीम पार्क नाही, हे आधी मान्य करू. (वडीलधारे अजून 'पोरांना एस्सेलवर्ल्ड दाखवा' म्हणतात. १९८९ ला सुरू झालेलं गोराईचं ते पार्क २०२२ पासून बंद आहे, एवढं त्यांना सांगा.) तुमच्यासारख्या गटाला खरे पर्याय तीन.

इमॅजिका २०१३ ला सुरू झालं आणि ते चांगलं आहे, यात वाद नाही. 'नायट्रो'सारखी, पाय अधांतरी ठेवून फिरवणारी रोलर कोस्टर एकदा अनुभवावी अशीच. तिथलं थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात, हे बेत करताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पण सेलूहून ते नियमात बसवायचं तर पहिला दिवस फक्त पुण्यापर्यंतचा प्रवास, रात्री मुक्काम, दुसरा दिवस पार्क, पुन्हा मुक्काम, तिसरा दिवस परतीचा. तीन दिवसांची बस आणि पुणे-लोणावळा पट्ट्यातले दोन मुक्काम. तुमच्या बजेटला ते झेपेल असं वाटत नाही. बीड, आष्टी, धाराशिवकडच्या मंडळींना पुणे जवळ पडतं, त्यांनी जरूर विचार करावा.

शिर्डी हा सगळ्यात स्वस्त पर्याय. वेट अँड जॉय वॉटर पार्क आणि शेजारीच साईतीर्थ हे भक्तीवरचं थीम पार्क. जालन्याहून समृद्धी धरली की उजेडी निघून उजेडी पोहोचता येतं. संस्थानच्या भक्तनिवासात परवडणाऱ्या खोल्या आहेत, त्यांचं ऑनलाइन आरक्षण होतं, आणि प्रसादालयात जेवणाची सोय आहे. पहिल्यांदाच एवढा गट घेऊन निघणाऱ्याला मी एरवी डोळे झाकून शिर्डीच सांगतो. पण डिसेंबरात नाही. सकाळी दहा-अकराला ते पाणी अंगावर घेतलं की दात वाजतात, आणि अर्धी पोरं काठावर टॉवेल गुंडाळून बसतात. साईतीर्थमध्ये बसून बघायचे शो जास्त, आजी-आजोबांना आणि लहानग्यांना ते फार आवडतं, सतरा वर्षांच्या पोरांना दोन-तीन तासांत पुरे होतं. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये जाणार असाल तर शिर्डीसारखं दुसरं ठिकाण नाही.

तुमच्या तारखांना आणि तुमच्या स्टेशनाला मी हैदराबाद सांगेन. सेलू हे रेल्वेवरचं गाव असण्याचा फायदा घ्या ना! मनमाडहून हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनला जाणारी अजिंठा एक्सप्रेस सेलूवरूनच जाते. आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास येते आणि सकाळी काचीगुड्याला सोडते. परतीलाही तीच, संध्याकाळी निघून रात्रीत सेलूला. स्लीपरच्या बर्थवर पोरं निदान आडवी तरी होतात, आणि इंजिन चालवणाऱ्याच्या झोपेची काळजी तुम्हाला नाही. तिथलं वंडरला हे मनोरंजन पार्क २०१६ ला सुरू झालं. ते शहराबाहेर आउटर रिंग रोडला लागून, रावीर्यालकडे आहे, काचीगुड्याहून साधारण तीसेक किलोमीटर. एकाच तिकिटात कोरड्या आणि पाण्याच्या दोन्ही राइड्स येतात, म्हणजे थंडी वाजली तर पोरं कोरड्या बाजूला राहू शकतात. डिसेंबरला हे सोयीचं पडतं.

अजून एक, माझ्या आवडीचं. आपला सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कोर्टकचेऱ्या तिकडे, शिक्षण तिकडे, उस्मानिया विद्यापीठ तिकडे. दर सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन करणाऱ्या लेकरांनी ते शहर एकदा बघावंच.

दिवस असे बसवा. गाडीत बुधवारी रात्री बसायचं. गुरुवारी सकाळी काचीगुडा. लॉजवर सामान, आंघोळ, नाष्टा, आणि दुपारी दोनेक तास सगळ्यांनी पडायचं, कुरकुर केली तरी. चारनंतर चारमिनार आणि आसपासचा बाजार. रात्री दहाला दिवे बंद. शुक्रवारी वंडरला. शनिवारी दुपारपर्यंत सालारजंग संग्रहालय आणि मग संध्याकाळची गाडी. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, म्हणूनही हा क्रम बरा. रामोजी फिल्म सिटी मध्येच घुसवू नका, मंडळातलं कुणीतरी सुचवणारच. तिला स्वतंत्र दिवस लागतो.

पार्कसाठी शनिवार-रविवार टाळा, हे तुम्हाला माहीतच असेल. कमी लोकांच्या लक्षात येतं ते हे की हैदराबादला जाताना आपल्या नाही, तेलंगणाच्या सुट्ट्या बघायच्या. त्यांची दसऱ्याची सुट्टी लांबलचक असते, संक्रांतीलाही शाळा बंद असतात. आपल्या दिवाळीनंतरचा आणि नाताळाआधीचा काळ तिकडे मोकळा जातो. तुमचा डिसेंबरचा पहिला पंधरवडा त्यात बरोबर बसतो. बसने जाणाऱ्यांनी तुळशीचं लग्न लागल्यावर गाड्यांचे भाव काय होतात तेही ध्यानात धरावं.

तिकिटं आता. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या सुरुवातीची गाडी म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुमची यादी तयार पाहिजे. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. मोठ्या गटासाठी रेल्वेकडे अर्ज करून एकत्र आरक्षण करता येतं, सेलू नांदेड विभागात येतं, स्टेशनवर जाऊन आधीच विचारा. तत्काळवर भिस्त ठेवू नका, मोठी माणसं धरून ४७ जागा तत्काळात मिळत नसतात. आणि एक खाच: गाडी सेलूला मध्यरात्रीनंतर येत असेल तर तिकिटावरची तारीख दुसऱ्या दिवसाची हवी. 'बुधवारी रात्री निघायचं' म्हणून बुधवारचं तिकीट काढलं तर ती गाडी मंगळवारी रात्रीच निघून गेलेली असते. वेळापत्रक बघून तारीख दोघा-तिघांनी तपासा. शाळा-कॉलेजच्या शैक्षणिक सहलीला रेल्वेत विद्यार्थी सवलत असते, पण ती संस्थेच्या प्रमुखाच्या दाखल्यावर. युवक मंडळाच्या लेटरहेडवर मिळत नाही.

एसटीचंही तसंच. शालेय सहलींना एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने देताना, निम्मी सवलत देते. मंडळाला ती नाही. मग 'शाळेच्या नावावर काढू की' असा सल्ला गावात कुणीतरी देईल. देऊ द्या, ऐकू नका. शाळेचं नाव लावलं की शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, शिक्षक, हमीपत्रं, सगळं आलं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, तेव्हापासून ते नियम कडक झालेत आणि कडकच पाहिजेत. मुख्याध्यापक खरोखर सोबत येऊन जबाबदारी घेत असतील तर रीतसर शाळेची सहल काढा. नाहीतर मंडळाची ती मंडळाचीच.

हैदराबादमध्ये शुक्रवारच्या दिवसासाठी तिथलीच लोकल बस ठरवा. इथून बस नेली तर दुसऱ्या राज्याच्या परमिट-टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो, तिथली गाडी घेतली की तो मिटतो. तरी बस कुठलीही असो, इसार देण्याआधी पाच गोष्टी विचारायच्या. दर किलोमीटरवर की पॅकेज? किलोमीटरवर असेल तर मोजणी गॅरेज ते गॅरेज असते का, आणि दिवसाचं किमान किती धरतात? बरेच जण ३०० धरतात, मग तुम्ही साठ किलोमीटर फिरलात तरी ३०० चे पैसे. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता आत की बाहेर? 'नाइट', म्हणजे रात्रीचा जादा आकार, किती वाजल्यापासून लागते? आणि गाडीचा नंबर आधी देणार का? नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसी दोन मिनिटांत दिसतं. जो गाडीवाला 'नंबर काय करायचाय, गाडी एकदम नवी आहे' म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे जायचं. गाडी दारात आली की स्वतः आत चढून मागची आपत्कालीन खिडकी बघा. तिच्यासमोर सीट टाकलेली किंवा बॅगा रचलेल्या सापडतात. काच फोडायचा हातोडा आणि आग विझवायची टाकी जागेवर आहे का तेही बघा. स्लीपर बस तर मी पोरांसाठी घेतच नाही. वरच्या बर्थवरून घाईत उतरता येत नाही, आणि पडद्यामागे कोण काय करतंय ते मोठ्यांना दिसत नाही.

पैशाचं. लोक सगळा खर्च बेरजेला घेतात आणि ४२ ने भागतात. तिथंच हिशेब फसतो. समजा बसला ६०,००० लागले, तर ४२ जणांत माणशी १,४२९ पडले. शेवटच्या आठवड्यात सहा जण गळाले की तेच १,६६७ होतात, आणि वाढीव अडीचशे मागायला कुणाच्या तोंडाने जाणार? म्हणून वाटून घ्यायचे खर्च, म्हणजे लोकल बस, मोठ्यांची तिकिटं, औषधं, ३६ ने भागायचे. माणशी लागणारे खर्च, म्हणजे रेल्वे, पार्क, लॉज, जेवण, जसेच्या तसे. वर शंभरामागे दहा आडीअडचणीला. उरले तर परत करता येतात. माझ्या अनुभवात पार्कचं तिकीट एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहतं, त्यामुळे आजचा गट-दर कळला की एकूण आकड्याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या येईल. वर्गणी ठरवायची ती मात्र वरच्या मांडणीनेच. पार्कला फोन करून गटाचा दर विचारा. जीएसटी धरून की सोडून, जेवण आत की बाहेर, सोबतच्या मोठ्यांना काही सूट आहे का, कॉलेजच्या ओळखपत्रावर वेगळी सवलत आहे का, आणि संख्या कमी झाली तर किती दिवस आधी कळवायचं. उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

वर्गणी एकदम मागू नका. आपल्याकडे सोयाबीन विकलं की घरात चार पैसे दिसतात, कापसाचे त्यानंतर. नाव नोंदवताना पाचशे, ते परत मिळणार नाहीत असं आईबापांसमोर सांगून. दुसरा हप्ता दिवाळीनंतर, तिसरा जायच्या पंधरा दिवस आधी. पैसे एकाच खात्यावर, वही दुसऱ्याच्या हातात. दोन-तीन घरांना झेपणार नाही, हे तुम्हाला नावानिशी माहीत असेल. त्यांचं गावातल्या एखाद्या नोकरदाराकडून गुपचूप भागवा. यादीत त्यांच्या नावापुढेही 'पूर्ण जमा' एवढंच दिसू द्या.

सोबत मोठी माणसं किती? दहा लेकरांमागे एक हा माझा कमीत कमी आकडा आहे, पाण्याच्या राइड्स असतील तेव्हा त्याहून जास्त. तुमच्या गटाला पाच, त्यात किमान दोन बाया. तुम्ही एक झालात, दुसरी एखादी अंगणवाडी ताई किंवा कुणाची तरी आई बघा. एखादी आई सोबत आली की बाकीच्या मुलींची घरं पटकन हो म्हणतात, हा वरचा फायदा. १९ वर्षांच्या मंडळाच्या पोराला 'मोठा' म्हणून मोजू नका. तो कितीही जबाबदार असला तरी पार्कात शिरल्यावर तो एकोणीस वर्षांचाच असतो.

मुलींच्या घरी जाऊन एक गोष्ट आधीच बोलावी लागेल: पाण्यातले कपडे. वॉटर राइड्सवर नायलॉनचे किंवा तशाच सिंथेटिक कापडाचे कपडे लागतात. सुती कपडे, जीन्स, पंजाबी ड्रेस चालत नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. म्हणून तो नियम आहे, कुणाला उघडं पाडायला नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग नायलॉनची मिळते, परभणीला खेळाच्या सामानाच्या दुकानात बघा. पार्कच्या दारात घ्यायला गेलं तर भाड्याने किंवा विकत महागात पडतं, आणि घेताना मुलींना लाज वाटते ती वेगळीच. घरच्यांना कपडे आधी दाखवले की ऐनवेळी वाद होत नाही. ज्या मुलीला पाण्यात उतरायचं नसेल, कारण काहीही असो, तिला कुणी कारण विचारायचं नाही. दोन-तीन जणी तशा असतातच, त्यांची टोळी कोरड्या राइड्सना लावून द्या.

पालकांकडून संमतीपत्रासोबत तब्येतीचा कागद भरून घ्या. हृदयाचा त्रास, फिट येणं, दमा, पाठीचं-मानेचं दुखणं, गेल्या काही महिन्यांतलं ऑपरेशन किंवा हाड मोडणं. यातलं काही असेल तर बऱ्याच राइड्सना मनाई असते. 'फिट येते' हे आपल्याकडे लोक लपवतात, मुलीच्या बाबतीत तर हटकून. म्हणून कागद गोळा करताना तो बाकीच्यांच्या देखत वाचू नका, पाकिटात घ्या. रोजची गोळी चालू असेल तर ती कुणाकडे राहणार तेही लिहून घ्या. उंचीचं म्हणाल, तर मोठ्या राइड्सना वय नाही, उंची बघतात. बऱ्याच ठिकाणी ती १४० सेंटीमीटर असते. अभ्यासिकेच्या भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवा. तुमच्या वयोगटात एखाद-दुसरंच लेकरू खाली भरेल, पण ते त्याला गावात कळलेलं बरं, रांगेच्या टोकाला सगळ्यांसमोर नको. काही घसरगुंड्यांना वजनाचीही वरची मर्यादा असते.

पार्कातला दिवस. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. सहा-सहाच्या टोळ्या आदल्या रात्री लॉजवर पाडा, प्रत्येक टोळीत एक फोन चालू, एकच लॉकर. ४२ जणांनी एका रांगेत उभं राहायचं नाही. तसं केलं की पुढचे उतरून मागच्यांची वाट बघत बसतात आणि दिवसाच्या निम्म्या राइड्स हुकतात. सगळे आत शिरले की पहिल्या दिसेल त्या पाळण्याला चिकटतात. तुम्ही सरळ मोठ्या राइडकडे, वंडरलात 'रिकॉइल'सारख्या उलट धावणाऱ्या कोस्टरकडे जा. पहिल्या तासात तिथं दोनदा बसून होतं, दुपारी एकदाच्या रांगेला तासभर लागतो. पाण्याच्या राइड्स उन्हाच्या भरात, बारा ते तीन. त्यानंतर कपडे बदलून पुन्हा कोरड्या. सकाळीच पाण्यात शिरलेली पोरं दिवसभर ओल्या अंगाने फिरतात आणि शनिवारी शिंकत बसतात. जेवण एक वाजता नको, तेव्हा सगळं पार्क जेवत असतं. साडेअकराला थोडं, अडीचला थोडं.

कुणी एखाद्या राइडला नको म्हणालं तर तिथंच विषय संपला. 'घाबरट', 'चल रे, मी आहे ना' हे दोन्ही बंद. हा नियम आदल्या रात्री मोठ्याने सांगायचा आणि सगळ्यात टवाळ पोराकडे बघत सांगायचा. जबरदस्तीने बसवलेलं लेकरू वरती जाऊन हमसून रडतं, कधी पट्टा सोडवायला बघतं, आणि दिवसभर तोंड लपवत फिरतं. चष्मा, चप्पल, गळ्यातलं, कानातलं राइडच्या आधी काढून लॉकरमध्ये. मोबाइलने शूटिंग करायला बघणारा एकजण प्रत्येक गटात असतो. त्याचा फोन त्या राइडपुरता टोळीच्या फोनसोबत ठेवून द्या. दर दोन तासांनी ठरलेल्या जागी मोजदाद. फोनवर 'आम्ही सगळे आहोत' चालणार नाही, तोंडं दिसली पाहिजेत.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गाडीतल्या रात्री आणि गुरुवारचा सकाळचा नाष्टा त्यावर निघतो. दही देऊ नका. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, दारावर पिशव्या उघडून बघतात, म्हणून शुक्रवारी सकाळी लॉजवर पोहे-इडली असं हलकं पण पोटभर खाऊ घाला. तेलकट पुरीभाजी त्या सकाळी नको. पाण्याच्या बाटल्या आत भरून घेता येतात का, हे गट-दर विचारताना त्याच फोनवर विचारून घ्या.

लॉजवर सगळ्यांची आधारची प्रत लागते, दोन संच न्या, एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या मोठ्याकडे. मुलींच्या खोल्या एकाच मजल्यावर, शेवटची खोली तुमची. १०८ ची रुग्णवाहिका आपल्यासारखी तेलंगणातही चालते, पोलिसांसह सगळ्यासाठी ११२, गाडीत काही झालं तर १३९. हे तीन आकडे आणि तुमचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या खिशात, कारण फोनची बॅटरी चारपर्यंत संपलेली असते.

परतीची गाडी सेलूला भल्या रात्री पोहोचेल. तुमच्या डब्यातल्या दोघा मोठ्यांनी जागं राहायचं आणि परभणी येण्याआधी सगळ्यांना उठवायला लागायचं. ४७ माणसं झोपेतून उठून सामानासह उतरायची आणि सेलूला थांबा थोडाच असतो. उतरलं की पोरांना मोटारसायकलींवर तिबल सीट गावाकडे सोडू नका. आईबापांना आधीच सांगून ठेवा की उजाडल्यावर या. तोवर सगळे स्टेशनवरच, चादरी अंथरून. ज्याचं लेकरू तो घेऊन गेला की वहीत त्याची सही घ्यायची. मुलींच्या बाबतीत सही घरच्याच माणसाची, शेजारच्या दादाची नाही. हिशेब आठ दिवसांच्या आत अभ्यासिकेच्या फळ्यावर लावा, आणि उरलेले पैसे ज्याचे त्याला परत करा, वीस रुपये असले तरी.